कोंबड्या-बैलाच्या गोष्टीला सरकारी मान्यता

संपादकांचा निरोप आला की नोकरीतले अनुभव लिहा, पण खरे लिहा आणि फुगवू नका. न फुगता खरी राहते अशी एकच वस्तू माझ्या माहितीत आहे, ती म्हणजे शिळी भाकरी. तरी प्रयत्न करतो. मी इंग्रजीचा मास्तर होतो, आणि त्यातही माझा हातखंडा विषय म्हणजे अतिशयोक्तीचे वाक्प्रचार. इतर मास्तरांना विषय तयार करावा लागे, माझ्या तो अंगात होता.

भोर संस्थान विलीन झालं, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. इंग्रज देशातून गेले आणि इंग्रजी आठवीत गेली. सातवीपर्यंत इंग्रजी नाही, असं सरकारनं ठरवलं होतं. त्यामुळे आमच्या खोऱ्यातलं पोर पहिलं इंग्रजी वाक्य म्हणायचं तेव्हा त्याला मिसरूड फुटलेलं असे. वरच्या धनगरवाड्यातला सोनबा कोकरे तर मिशीला पीळ देऊन 'धिस इज अ कॅट' म्हणायचा, आणि मांजर जागच्या जागी उभं राहायचं. सोनबाचं लग्न झालेलं होतं. वयानं तो माझ्याहून मोठाच असावा. वर्गात मी त्याला 'अरे सोनबा' म्हणे, तो मला 'गुर्जी' म्हणे, आणि शाळा सुटली की आम्ही दोघं एकाच चंचीतली तंबाखू खाऊ.

शाळा राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांच्या काठ्याही आहेत. शाळा भरायची भाताच्या जुन्या गोदामात. छपराला इतकी भोकं होती की ढग आत यायचे, हजेरी द्यायचे आणि जायचे. भाताच्या वासावर उंदीर यायचे, उंदरांवर साप यायचे, आणि सापांच्या भीतीनं पोरं बाकावर पाय घेऊन इतकी ताठ बसायची की वर्गाच्या शिस्तीचं कौतुक भोरपर्यंत गेलं होतं.

हेडमास्तर होते अण्णा. या माणसाला खरं बोलण्याचं व्यसन होतं. 'पाहुणे आले का?' असं कुणी विचारलं तर अण्णा म्हणत, 'एक आला. दुसऱ्याचा एक पाय उंबऱ्यात आहे.' 'जेवण झालं का?' या प्रश्नाला ते भाकरी किती करपली होती तेही सांगत. अशा माणसाच्या हाताखाली मी अतिशयोक्ती शिकवत होतो. खोरंभर मी वारा भरावा आणि अण्णांनी टाचणी लावावी, असा आमचा संसार.

आठवी सुरू होती. नववीला मान्यता मिळाली तर शाळा टिकणार होती. नाही मिळाली तर आठवीलाही कुलूप. मग पोरांनी एक तर भोरला नातेवाइकांच्या पडवीत पथारी टाकायची, नाही तर मेंढरांमागं जायचं. आणि मी भोरला मामाच्या दुकानात मिरच्या तोलायला बसायचं. मामाच्या मिरच्या अशा होत्या की दुकानावरून गेलेला माणूस वेशीपर्यंत शिंकत जाई. उरलेलं आयुष्य एका लांबलचक शिंकेत काढायची माझी तयारी नव्हती.

आता माझा धंदा काय होता ते परक्या माणसाला समजावून सांगतो. साधा शब्द शिकवणं सोपं. दगड दाखवला आणि 'स्टोन' म्हटलं, संपलं. वाक्प्रचारात मात्र जी वस्तू दिसते ती नसतेच. त्यात डोंगर असतो पण चढायचा नसतो, मीठ असतं पण खायचं नसतं. तेव्हा पोरांना त्याची जन्मकथा सांगावी लागते. कुठं जन्मला, कुणाच्या तोंडात वाढला, कुठं कामाला लागला. जन्मकथा गळी उतरली की वाक्प्रचार जन्मात विसरत नाही.

पण गळी उतरणं अवघड, कारण आमच्या खोऱ्यात अतिशयोक्तीला कुणी अतिशयोक्ती समजतच नसे. ती साधी बोलण्याची रीत होती. पाय मुरगळला असं कुणी सांगत नसे, पाय तुटून ओढ्यात पडला, तो उचलून आणला, असं सांगत.

मी पहिल्यांदा शिकवला तो आपल्या राईच्या पर्वताचा इंग्रज भाऊ. इंग्लंडात जमिनीखाली बिळं करणारा एक जवळजवळ आंधळा प्राणी असतो. तो माती उकरून वर लहानसा ढीग लावतो. त्या ढिगाला डोंगर म्हणणं म्हणजे अतिशयोक्ती. त्याआधी ग्रीक आणि रोमन लोक माशीचा हत्ती करत असत. इंग्रजांना तो हत्ती परवडला नसावा, त्यांनी मातीचा डोंगर केला. आता हा प्राणी आमच्याकडं नाही. मी म्हटलं, घूस समजा.

सोनबा उभा राहिला. "गुर्जी, घुशीच्या ढिगाला डोंगर म्हनलं, यात वाढवून काय हाय? घुशीनं बांध पोखरला की आख्खं खाचर भातासकट वढ्यात जातं. ढीग दिसला की मानसानं बोंबललंच पायजे. त्या इंग्रजाला शेत न्हवतं वाटतं?"

"नव्हतं," मी म्हटलं. "म्हणून तर तुझं घ्यायला आला."

वर्ग हसला. वाक्प्रचार मात्र त्या दिवशी बांधासकट वाहून गेला.

दुसरा होता लांब धनुष्य ओढण्याचा. जुन्या काळी इंग्रज तिरंदाजांची धनुष्यं पुरुषभर उंच असत. लढाईत बाण जितका जाई त्याच्या दसपट लांब तो संध्याकाळी गुत्त्यात बसल्यावर जाई. त्यावरून बढाया मारणाऱ्याला म्हणायचं, हा लांब धनुष्य ओढतोय. मी विचारलं, आपल्याकडचं उदाहरण कोण देतं?

सोनबाच उठला. "आमच्या आज्यानं तोरन्यावरनं गोफन मारली. धोंडा राजगडावर पडला."

"शाबास! ही झाली अतिशयोक्ती."

"अतिशयोक्ती कशी? धोंडा अजून हाय तितं. चला, दावतो."

रविवारी मी घाम गाळत राजगड चढलो. धोंडा खरोखर होता. राजगडावर धोंडा निघाला म्हटल्यावर मी काय बोलणार?

तिसरा मिठाचा. एखादी गोष्ट चिमूटभर मिठाबरोबर घ्यावी असं इंग्रज म्हणतो, म्हणजे ती तशीच्या तशी खरी मानू नये. मूळ रोमन लोकांकडचं. विषावरच्या एका जुन्या उताऱ्याच्या कृतीत शेवटी मिठाचा खडा सांगितला होता, तिथून हे मीठ इंग्रजीत सांडलं म्हणतात. मी एवढंच सांगितलं होतं. पोरांनी ते घरी जाऊन बापाला सांगितलं. पुढच्या ग्रामसभेत सरपंच 'रस्ता होणार, पूल होणार' म्हणून बोलायला उभे राहिले आणि समोरच्या मंडळींनी कनवटीच्या पुरचुंड्या सोडून मीठ चाटायला सुरुवात केली.

सरपंच तणतणत शाळेत आले. "मास्तर, ह्ये काय शिकिवलंसा? म्या तोंड उघडलं की लोक मीठ चाटत्यात!"

"म्हणजे भाषण पचवायचा प्रयत्न करतायत," मी म्हटलं.

"त्या परीस झोपत व्हती ती बरी," सरपंच म्हणाले.

आणि चौथा, ज्याच्यासाठी हा लेख, तो कोंबड्या-बैलाच्या गोष्टीचा. कॉक अँड बुल स्टोरी. लंडनहून निघणाऱ्या हमरस्त्यावर एका गावात दोन खानावळी होत्या. एकीच्या पाटीवर कोंबडा, दुसरीच्या पाटीवर बैल. तिथं घोडागाड्या थांबत, घोडे बदलत, आणि उतारू गप्पा ठोकत. कोंबड्याकडची बातमी बैलाकडं गेली की तिला शिंगं फुटत, आणि बैलाकडून परत आली की कोंबडा असून ती अंडी घाली. तेव्हापासून अशा फुगलेल्या हकिकतीला हे नाव पडलं. गंमत अशी, की या जन्मकथेला धड पुरावा नाही, ती कुणीतरी मागाहून जुळवली असावी, असं इंग्रज पंडितच म्हणतात. म्हणजे थापेला नाव देणाऱ्या वाक्प्रचाराची जन्मकथाही थापच! याला म्हणतात घराण्याची शुद्धता.

ही गोष्ट मात्र वर्गाला एका फटक्यात समजली, कारण आमच्या फाट्यावर तेच चाललं होतं. पुणे-सातारा रस्त्यावर, कामथडीजवळ आमचा फाटा. नवी नवी एसटी तिथं सोडायची, पुढं बैलगाडी नाही तर पाय. फाट्यावर समोरासमोर दोन चहाची हॉटेलं. रस्त्याच्या या बाजूला तात्याचं, त्या बाजूला येसूमावशीचं. दोघांचा चहा सारखाच पाणचट. गिऱ्हाईक यायचं ते बातमीसाठी. ज्याच्याकडं मोठी बातमी त्याच्याकडं गर्दी. त्यामुळं तात्याकडं कुणाच्या गाईला वासरू झालं तर मावशीकडं तिला जुळं व्हावंच लागे, नाही तर दूध नासायचं.

मला वाटलं, वाक्प्रचार फळ्यावर कशाला शिकवायचा? प्रत्यक्ष दाखवू. आणि योगायोगानं बातमीही हातात होती. अण्णांनी सांगितलं होतं की नववीच्या मान्यतेसाठी शाळा बघायला गुरुवारी पुण्याहून इन्स्पेक्टर येणार. मी वर्गाला सांगितलं, "ही एवढीशी बातमी मी फाट्यावर सोडतो. ती गावात कशी होऊन येते ते तुम्ही बघायचं. हा तुमचा घरचा अभ्यास."

सोनबाला घेऊन मी फाट्यावर गेलो. तात्याच्या बाकड्यावर बसून म्हटलं, "तात्या, येत्या गुरुवारी शाळा बघायला पुण्याहून एक साहेब येणार."

"येकटंच?" तात्यानं विचारलं.

"एकटेच."

"मोटारीनं?"

"एसटीनं."

तात्याचं तोंड उतरलं. "गुर्जी, येवढ्याश्या बातमीवर कोन च्या पील वो?"

आम्ही पैसे दिले, रस्ता ओलांडला आणि मावशीकडं जाऊन बसलो. रस्ता तो केवढा, समोरासमोर दोन म्हशी उभ्या केल्या तर शेपट्या बाहेर राहतील एवढा. मावशीनं कप पुढं ठेवला आणि वाकून म्हणाली, "आईकलं का गुर्जी? बेस्तरवारी मंत्री येनार हाय आपल्या खोऱ्यात. मोटारींची ही रांग! पैली मोटार हितं आली तवा शेवटची पुन्यातच असनार."

सोनबानं माझ्याकडं पाहिलं. "गुर्जी," तो हळूच म्हणाला, "आपन तर आत्ता रस्ता वलांडला."

बातमी आमच्यापेक्षा आधी पोचली होती. पोचून, जेवून, बाळसं धरून बसली होती. मला अभिमान वाटला.

मावशीच्या हॉटेलातून बातमीला दोन पाय फुटले. बांगड्यावाला कासार वर धनगरवाड्यांवर गेला, त्यानं सांगितलं की मंत्री येणार आणि घरटी एक नवं घोंगडं वाटणार. तेलवाला खाली नदीकाठच्या शेतकऱ्यांत गेला. तो म्हणाला, सरकारी साहेब येणार, खोऱ्याची मापं घेणार आणि धरण बांधणार.

इथं जरा थांबतो. आमच्या तालुक्यात एक धरण आधीच होतं, आणि त्यात बुडालेल्या गावांची माणसं सगळ्यांच्या नात्यात होती. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तळाला देवळाचे चौथरे दिसत. त्यामुळं पुण्याहून साहेब आणि धरण हे दोन शब्द एकत्र आले की नदीकाठची म्हातारी माणसं आधी आपल्या उंबऱ्याकडं बघत. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि मीही तेव्हा हसलो नाही.

अण्णांच्या कानावर गेलं तेव्हा ते स्वतः पारावर गेले आणि म्हणाले, "मंत्री येणार नाहीत. धरण होणार नाही. फक्त एक शाळा-तपासनीस येणार आहेत. त्यांना काही देण्याचा अथवा घेण्याचा अधिकार नाही."

नदीकाठचे खंडूनाना, त्या बाजूचे सगळ्यांत वडीलधारे, त्यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येवढं साधं सांगत्यात म्हंजी नक्की कायतरी दडवत्यात."

गुरुवार उजाडला. गोदामापुढं माणूस मावेना. वरून धनगर उतरले ते ढोल, झांजा आणि फुलांच्या माळा घेऊन. खालून शेतकरी आले ते काठ्या घेऊन. मध्ये त्यांच्या बाया, त्यांची पोरं, कुणाच्या तरी मेंढ्या. पाऊल टाकायला जागा नव्हती. एक मेंढरू सकाळी चुकून उचललं गेलं ते दुपारपर्यंत खाली टेकलंच नाही, हातोहात फिरत राहिलं.

त्या गर्दीत डुगडुगत बैलगाडी आली. तीत इन्स्पेक्टर. सुपारीएवढा माणूस. अंगात कोट, मांडीवर छत्री, अंगभर धुरळा. फाट्यापासूनच्या खडकाळ रस्त्यानं त्यांची हाडं इतकी हलली होती की गाडीतून उतरल्यावर ती आपापल्या जागी येईपर्यंत ते तसेच उभे राहिले.

धनगरांनी माळ घातली. माळ मंत्र्याच्या मापाची होती, ती गळ्यातून सरळ पायात गेली. ढोल सुरू झाला. तेवढ्यात काठ्यांचं कडं पुढं सरकलं आणि खंडूनाना समोर आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाहुण्याला द्यायचा पाण्याचा तांब्या. वैरी असला तरी पाणी आधी द्यायचं, ही तिथली रीत.

"सायेब," नाना म्हणाले, "पानी कुठवर येनार ते आधी बोला."

साहेबांचा घसा कोरडा पडला होता. त्यांनी तांब्याकडं बघितलं. "ते मी काय सांगणार? तुमच्या हातात आहे."

"आमच्या हातात?" नाना कडाडले. "आमच्या हातात आसतं तर हितं आलो आसतो का? आमच्या देवळापत्तोर येनार का त्येच्या वर?"

"इथवर आलं तरी पुरे," साहेब गळ्याला हात लावून म्हणाले.

"गळ्यापत्तोर!" गर्दीतली एक म्हातारी किंचाळली. "गळ्यापत्तोर पानी आननार म्हनतोय गं बाई!"

काठ्या वर झाल्या. अण्णा धावत एका धोंड्यावर चढले आणि खणखणीत आवाजात त्यांनी निखळ सत्य सांगितलं. हे फक्त शाळा-तपासनीस आहेत, यांना काही अधिकार नाही, वगैरे. सत्याचा काडीइतका परिणाम झाला नाही. उलट 'अधिकार न्हाई' म्हटल्यावर धनगरही बिथरले, कारण घोंगडी गेली. आता माळावालेही काठीवाल्यांच्या बाजूला सरकले. साहेब छत्री छातीशी धरून बैलाच्या आडोशाला गेले. बैलानंही मान फिरवली.

मला समोर मामाची मिरची दिसायला लागली. हा माणूस इथून धडधाकट गेला नाही तर नववी राहू दे, गोदामही जाईल. मी गाडीच्या जुवावर चढलो.

"मंडळी!" मी ओरडलो. "अण्णा खोटं बोलतायत!"

अण्णा धोंड्यावरून पडता पडता वाचले. सगळे गप्प झाले. ही बातमी मोठी होती.

"मला सांगा, धरण कोण बांधतं?"

"इंजिनेर!" गर्दी म्हणाली.

"इंजिनेर कसा होतो? परीक्षा पास होऊन! परीक्षेला कोण बसवतं? शाळा! आणि शाळेला पास-नापास कोण करतं?" मी बैलाच्या शेपटीकडं हात केला. "हे! इंजिनेर घडतो तो यांच्या लाल पेन्सिलीखालून! यांना बघून पुण्यातले इंजिनेर गल्ली बदलतात! धरण बांधणारे साहेब हे नव्हेत नाना, धरण बांधणाऱ्यांचा काळ आहेत हे!"

यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर जवळजवळ खरं होतं, हे जाणकारांच्या लक्षात येईल. माल सगळा सांधेजोडीत आहे.

नाना डोळे बारीक करून साहेबांकडं बघत राहिले. "म्हंजी धरनवाल्याला ह्ये नापास करू शकत्यात?"

"झोपेत!" मी म्हटलं.

नानांनी काठी खाली टेकली आणि तांब्या पुढं केला. साहेब घटाघटा प्याले. असा ढोल वाजला की राजगडाच्या कड्यावरची घारीची घरटी हलली. साहेबांना उचलूनच वर्गात नेण्यात आलं.

आत गेल्यावर साहेब बराच वेळ खुर्चीचे हात धरून बसले. मग त्यांनी पहिल्या बाकावरच्या सोनबाची मिशी पाहिली आणि अदबीनं विचारलं, "इंग्रजी आपण शिकवता का?"

"न्हाई सायेब, शिकतो," सोनबा म्हणाला.

"बरं. कॉक अँड बुल स्टोरी म्हणजे काय? वाक्यात उपयोग कर बघू."

सोनबानं मिशीला पीळ दिला. "टुडे, सर, यू आर अ कॉक अँड बुल स्टोरी."

अण्णांनी भिंत धरली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे?"

"सायेब, तात्याच्या हाटेलात तुमी येकटं व्हता," सोनबा म्हणाला. "मावशीच्या हाटेलात तुमचा मंत्री झाला. कासारानं तुमच्या हातनं घोंगडी वाटली. तेलवाल्यानं तुमच्याकडनं धरान बांधून घेतलं. आन् आमच्या गुर्जींनी तुमास्नी इंजिनेराचा काळ केलं. यातलं काई बी खरं न्हाई. तुमी आपलं निस्तंच हायसा."

वर्गात ढगसुद्धा हलला नाही. साहेब म्हणाले, "अर्थ बरोबर आहे. उपयोगही बरोबर आहे. इतका नेमका उपयोग मी पुण्यात ऐकलेला नाही."

माझी छाती फुगली. तेवढ्यात साहेब उठले आणि छपराकडं बघून म्हणाले, "इंग्रजी चांगलं आहे, पण नववीचं कठीण दिसतं. इमारत नाही, पुस्तकं नाहीत, छपराला ही एवढी भोकं. नियमात बसत नाही. काय अण्णा?"

अण्णांनी प्रामाणिकपणे मान डोलावली. "भोकं खरी आहेत," ते म्हणाले. "आत आणखी आहेत. दाखवू?"

मी हताशपणे साहेबांमागून बाहेर आलो. नाकाशी मिरचीचा वास आलाच होता. बाहेर गर्दी जागची हलली नव्हती. खंडूनाना वाट अडवून उभे होते, पण आता प्रेमानं.

"सायेब, जाता जाता येक सबूद द्या," नाना म्हणाले. "त्या धरनवाल्याला नापास करनार न्हवं?"

साहेबांनी काठ्यांकडं पाहिलं. ढोलाकडं पाहिलं. खरं बोलणाऱ्या माणसाचं इथं काय होतं ते त्यांनी सकाळीच पाहिलं होतं. त्यांनी घसा साफ केला, छत्री जमिनीवर आपटली आणि त्या सुपारीएवढ्या देहातून असा आवाज काढला की मीही चमकलो.

"नापास? अहो, मी त्याला नववीत पाऊल ठेवू देणार नाही!"

खोरं दणाणलं. टोप्या उडाल्या. साहेबांच्या गालांवर रंग चढला. आयुष्यात कुणी त्यांच्या वाक्यावर टोपी उडवली नसावी. गाडीकडं जायला ते वळले, तोच नानांनी हात वर केला. ढोल थांबला.

"पर सायेब, कंच्या नववीत?"

"इथल्या," साहेब अजून तोऱ्यातच होते.

"हितं नववी न्हाई."

साहेब थबकले.

"न्हाई म्हंजी," नाना विचार करत म्हणाले, "हितं नववी आसती तर त्येला हितं आडिवता आला आसता. नववीच न्हाई, तर त्यो दुसरीकडनं पास हून येनार की वो! मंग कुठं आडिवनार तुमी त्येला?"

गर्दीत कुजबुज झाली. टेकलेल्या काठ्या एकेक करून जमिनीवरून उचलल्या जाऊ लागल्या. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी राजगडाकडं बघितलं. त्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णा तोंड उघडणार एवढ्यात सोनबानं त्यांच्यापुढं एक मेंढरू उभं केलं आणि "सर, धिस इज अ शीप" म्हणून त्यांना गुंतवून ठेवलं.

"आहे," साहेब शेवटी म्हणाले.

"काय हाय?"

"नववी. जूनपासून आहे. याच गोदामात आहे. मी सांगतो आहे!"

साहेबांना खांद्यावर घेऊन माणसं फाट्यापर्यंत चालत गेली. बैलांनाही जरा विसावा मिळाला.

हा माझा धंदा, आणि ही त्यातली मोठी कमाई. सगळंच काही असं साधलं नाही. सोनबा पुढं दहावीत असताना मेंढरांमागं गेला तो परत आला नाही. इतका नेमका वाक्यात उपयोग करणारा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. आणि धरणांना नववीत अडवता येत नाही, हे त्या खोऱ्याला पुढं कळायचं ते कळलंच. त्याबद्दल हसत हसत लिहिणं मला जमत नाही, म्हणून लिहीत नाही.

पण जूनमध्ये नववीचा वर्ग भरला हे खरं. पहिल्याच दिवशी खंडूनाना आणि त्यांच्या वयाचे आणखी दोघं काठ्या घेऊन आले आणि गोदामाच्या दाराशी घोंगडी टाकून बसले.

"काय नाना?" मी विचारलं.

"काई न्हाई. तुमचं चालू द्या मास्तर," नाना म्हणाले. "धरनवाला आत बसतोय का त्येवढं बघतो."

ते वर्षभर बसले. सुगीतही एकजण पहाऱ्याला असेच. कोट घातलेला कुणी दिसला की दारातच त्याची उलटतपासणी होई. एकदा मी वर्गाला मातीच्या ढिगाच्या डोंगराचा अर्थ विचारला. पोरं एकमेकांकडं बघत बसली. दारातून नाना तंबाखू मळत म्हणाले, "सांगा की रं! इंग्रजाला शेत न्हवतं."

वार्षिक परीक्षेत वर्गातली काही पोरं इंग्रजीत नापास झाली. दारातलं कुणी झालं नाही.